बरण्या तुझ्या, नाव माझं

अंबुजा,

रविवारी तुझा रघु तुझं घर रिकामं करायला आला आणि जाताना तुझ्या सगळ्या बरण्या माझ्या मागच्या बाल्कनीत ठेवून गेला. तेव्हापासून मी एका जागी बसलेली नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्धी टाकून उठते. पेपर उघडते, तसाच घडी करून ठेवते. बाल्कनीत जाते, फडकं जरासं वर करते, वास घेते, पुन्हा रबर लावते. चिलटं नाकातोंडात जाताहेत. काल हे म्हणाले, "एक तर त्या बरण्यांचं काहीतरी कर, नाहीतर स्वतःचं कर." माझं भांडण ह्यांच्याशी नाही, तुझ्याशी आहे.

तुझ्याशी बोलताना मला सलग बोलायची सवयच नाही. मी एक वाक्य म्हणायचे आणि तू मध्ये तोंड घालायचीस. आता कुणी अडवणार नाही, तर मलाच पुढचं सुचत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलंही सांगते. ऐकून घे.

ह्यांच्या बँकेची बदली झाली आणि आम्ही मिरजेहून या बिल्डिंगमध्ये राहायला आलो, त्या आठवड्यात मी जिन्यात उभी राहून रडत होते. पाणीवाला तमिळमध्ये काहीतरी ओरडून निघून गेला होता आणि घरात थेंब नव्हता. वरून एक बाई उतरली. कपाळाला कुंकू, केसात मोगऱ्याचा गजरा, कांजीवरमची जुनी साडी. मी तिला तमिळ बाईच समजले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कां गे, रडतेस कां? पाणी पाहिजे तर वर ये, आमचे इथें आहे."

मी रडायची थांबले आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. मराठी होती, पण एखाद्या जुन्या आरतीतून उठून आल्यासारखी, वर तमिळचा हेल. "तुम्ही मराठी?" मी विचारलं. "तंजावरची मराठी," तू म्हणालीस. "तू कुठली?" मी मिरज म्हणाले. "तें कुठें आलें?" असं तू इतक्या सहज विचारलंस की मला हसू फुटलं. पिढ्यान् पिढ्या घरात मराठी बोलणारी बाई, आणि तिला मिरज माहीत नाही.

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत चाललं. मी "आपल्याकडे" म्हटलं की तू भुवई उचलायचीस. "आपल्याकडे गणपतीत असं करतात." "आपल्याकडे म्हणजे कोणाकडे गे? मी इथली. माझे आजेपणजे इथले. तूंही आतां इथलीच." मी म्हणायचे, मी इथली होणार नाही, ह्यांची नोकरी संपली की आम्ही परत जाणार. ह्यांची नोकरी संपून किती वर्षं झाली. आम्ही गेलो नाही. तू एकदाही "बघ, मी म्हटलें होतें" असं म्हणाली नाहीस. तुझ्या स्वभावाला ते फार जड गेलं असणार.

बरण्यांची सुरुवात मात्र फक्त मला माहीत आहे. रघुलाही नाही. तुझ्या यजमानांच्या, रावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि ते घरी परत आलेच नाहीत, त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण फळं घेऊन यायचा. सफरचंदं, मोसंबी, पेरू. रावांनी त्यातलं एकही खाल्लं नाही. सगळं झाल्यावर त्या पिशव्या तुझ्या स्वयंपाकघरात तशाच होत्या. फळं मऊ पडायला लागली होती. मी म्हटलं, टाकून देऊ. तू नको म्हणालीस. मी म्हटलं, मग वाटून टाकू. तेही नको. खायला तर तुझ्याच्यानं होईना. दुसऱ्या दिवशी वर आले तर तू जमिनीवर बसून ती सगळी फळं चिरत होतीस. सालं, गाभे, डागाळलेल्या फोडी, सगळं एका मोठ्या बरणीत. वरून गुळाचं पाणी.

"हे काय?"

"काडी," तू म्हणालीस. "तमिळमध्यें काडी म्हणतात. आंबट करूं."

मला आधी कळलंच नाही. आमच्या मराठीत काडी लावणं म्हणजे भांडण लावून देणं. पुढे कित्येक वर्षं तू जिन्यातून ओरडायचीस, "सुनंदे, आज मी अननसाची काडी लाविली," आणि मी घरात एकटीच हसायचे. शिरका म्हण, व्हिनेगर म्हण, असं मी शंभरदा सांगितलं. तू ऐकलं नाहीस.

ती पहिली बरणी आठवते? चार-पाच दिवसांत तिला असा फेस आला आणि असा वास सुटला की तळमजल्यावरच्या मामींनी सेक्रेटरीकडे तक्रार केली, तिसऱ्या मजल्यावरची विधवा दारू गाळते म्हणून. सेक्रेटरी बिचारा लाजत वर आला. तू त्याला आत बोलावलंस, बरणी त्याच्या नाकाखाली धरलीस आणि अस्खलित तमिळमध्ये बरंच काही सुनावलंस. तो गेल्यावर मी विचारलं, काय म्हणालीस? तू म्हणालीस, "सांगितलें, जन्मभर पोस्टांत काम केलें, दारू गाळणारी असतें तर तिथेंच गाळली असती, वेळ पुष्कळ होता." राव गेल्यानंतर त्या दिवशी तू पहिल्यांदा हसलीस. मी ते हसणं विसरणार नाही.

पुढे तुझं प्रस्थ वाढलं. स्टेशनच्या बाजूच्या ज्यूसवाल्याकडून अननसाची सालं यायला लागली. उन्हाळ्यात बंगनपल्ली आंब्यांच्या कोयी आणि सालं. मोसंबीची सालं तू एकदाच टाकलीस, सगळी बरणी कडू झाली, मग पुन्हा नाही. रोज लाकडी कालथ्यानं ढवळायचं, सालं वर तरंगली की खाली दाबायची, नाहीतर बुरशी धरते. दारूचा वास येऊन गेला की गाळायचं आणि मग हात लावायचा नाही. या शेवटच्या गोष्टीवरून आपण किती भांडलो. मला धीर नसतो. मी सारखी फडकं उचलून चमचा घालायचे.

"झालं का?"

"नाही झालें. दर घडीला उघडून पाहिलेंस तर कसें होणार? नाकानें ऐकावें."

नाकानं ऐकावं. ही तुझी भाषा.

आणि मग वर साय धरायची. पांढरट, रबरासारखी, चकचकीत. पहिल्यांदा मी ती खराब झाली समजून काढून फेकायला निघाले होते. तू माझा हात धरलास, इतका घट्ट की बांगडी रुतली. "तिच्यामुळेंच तर होतें सगळें!" मग ती साय तू दुसऱ्या बरणीत घातलीस, तिची साय तिसऱ्या. पूर्ण बिल्डिंगला तुझं व्हिनेगर जायचं. कुणी समया घासायला नेलं, कुणी कांद्यावर घालायला. तक्रार करणाऱ्या मामी केस धुवायला न्यायच्या. तू स्वतः पाण्यात थोडं घालून, वर आल्याचा रस पिळून प्यायचीस. मी प्यायले की माझं तोंड वाकडं व्हायचं आणि तुला ते बघायला फार आवडायचं.

मी हे सगळं का सांगते आहे? कारण हे सांगताना बरं वाटतं. पुढचं सांगताना वाटत नाही.

तुझा रघु आणि मी इतकी वर्षं एकमेकांना ओळखतो, पण तू मध्ये नसताना आम्ही कधी धड बोललोच नाही. तो तमिळ आणि इंग्रजीतला. तुझी मराठी त्याला कळते, बोलायची म्हटली की लहान मुलासारखी अडखळते. माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. इंग्रजी आहे, पण त्यात प्रेमाचं काही बोलायचं म्हटलं की मला अर्ज केल्यासारखं वाटतं. म्हणून तो पेरुंगुडीच्या त्याच्या घरून आला की मी तुला मराठीत विचारायचे, तू त्याला तमिळमध्ये सांगायचीस, तो तमिळमध्ये उत्तर द्यायचा आणि तू मला मराठीत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून माना डोलवायचो. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. तू सांगतेस ते तो म्हणाला असंच मी धरून चालले.

गेल्या वर्षी तू जिन्यात थांबायला लागलीस. आधी दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराशी, "जरा पाणी दे" म्हणून. मग पहिल्या मजल्यावरही. तुझे पाय सुजलेले दिसायचे, चपलेचा पट्टा रुतायचा. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखव. तू म्हणालीस, दाखवलं. काय म्हणाले? "वयाचें आहे म्हणाले. रघुही म्हणतो, काळजी नको, गोळ्या घे आणि मीठ कमी कर." रघुनं म्हटलं आहे ना, मग झालं. मोठ्या कंपनीत आहे, चांगल्या डॉक्टरकडे नेलं असेल. मी तुझ्यासाठी ज्यूसवाल्याकडून सालं आणायला लागले, तेवढंच.

मग ती दुपार. तू आंब्याची बरणी ढवळत होतीस आणि मी खालून तुला हाक मारत होते, ओ आली नाही. मी वर आले तेव्हा तू बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसली होतीस, हातात कालथा, ओठ निळसर. "अगे काहीं नाही," असं म्हणायला तुला दोन श्वास लागले. रिक्षा, हॉस्पिटल, ऑक्सिजन. रघु धावत आला. तो डॉक्टरांशी बोलून बाहेर आला आणि त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. इंग्रजीत म्हणाला, "आंटी, यू टोल्ड हर टू वेट, नो?"

तो गाडी लावायला गेला होता तेव्हा तू सारखी उठून बसायचा प्रयत्न करत होतीस आणि मी तुला सांगत होते, थांब, रघु येतोय, थांब. मला वाटलं, तो तेच विचारतोय. मी मान डोलावली. "येस," म्हणाले.

त्याचा चेहरा बंद झाला, दार बंद होतं तसा. मला वाटलं, काळजीनं.

संध्याकाळी मला आत सोडलं. तू मास्क बाजूला केलास. मला वाटलं, आता काहीतरी सांगशील. तू विचारलंस, "ढवळलीस कां?" मी हो म्हटलं. खरं तर मी तुला सोडून हलले कुठे होते? पण हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. माझ्या हातावर हात होता, तो काढला नाहीस. इतका वेळ होता, अंबुजा. मी होते, तू होतीस, तुझी जीभ चालत होती. तेव्हा तरी सांगायचंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

तेराव्याला तुझी सून निरंजना स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. भली मुलगी आहे. इकडेतिकडे बघून हळूच इंग्रजीत म्हणाली, "आंटी, तो तुमच्याशी बोलत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्याला एवढंच लागलंय की डॉक्टरांनी झडप बदलायचं ऑपरेशन सांगितलं होतं, तारीखही ठरत होती, आणि तुम्ही अम्मांना सांगितलं, घाई करू नको, थांबून बघू. अम्मा तुमचं ऐकायच्या. तुम्ही चांगल्याच मनानं म्हणाला असाल."

मी हातातला डाव तसाच धरून उभी होते. डावातून पायसम खाली ठिबकत होतं.

ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?

काय बोलणार होते? बाहेर तुझ्या फोटोला हार घातलेला होता, भटजी जेवायला बसले होते, आणि मी तिथे उभं राहून तुझ्या सुनेला सांगणार होते की तुझी सासू खोटं बोलली?

घरी आले आणि जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. मी घरात फेऱ्या मारायचे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. ती गेली. आता कोण काय म्हणालं त्यानं काय फरक पडतो?" मला पडत होता. तो मुलगा आयुष्यभर असं समजणार की माझ्यामुळे त्याची आई गेली. आणि हे त्याला दुसऱ्या कुणी नाही, तू सांगितलंस. माझं नाव घेऊन. एक दिवस भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि मांबलम स्टेशनात जाऊन तांबरमच्या गाडीत बसले. तांबरमला माझं काय काम? काहीच नाही. उतरले, फलाटावर उभी राहिले, समोरच्या गाडीत बसून परत आले. गाडी चालू असेपर्यंत बरं वाटत होतं. रस्ताभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. समोरच्या बाईनं माझे ओठ हलताना बघितले आणि पोरीला स्वतःच्या जवळ ओढलं.

तू माझं नाव का घेतलंस? तुला ऑपरेशन नको होतं, तर स्वतःच्या तोंडानं नको म्हणायचं. पोस्टाच्या खिडकीत बसून भल्याभल्यांना "उद्या या" म्हणणारी बाई तू. सेक्रेटरीला घालवून देणारी. तुला माझ्या मागे लपावं का लागलं?

या रविवारी रघु आला. निरंजना नव्हती, एकटाच. तुझी भांडी, साड्या, रावांचे चष्मे, सगळं खोक्यांत भरलं. मग बाल्कनीत जाऊन बरण्यांकडे बघत उभा राहिला. त्याला त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी दारात होते. त्यानं मागे न बघता विचारलं, "हें टाकूं कां?"

मराठीत विचारलं, अंबुजा. तुझ्या मराठीत.

मी म्हटलं, "नको. मी नेते." मग म्हटलं, "रघु, जरा बस. मला तुला काही विचारायचं आहे. हळू बोलेन. तूही हळू बोल."

तो बसला नाही. मी उभ्यानंच विचारलं, "अम्मानं तुला काय सांगितलं होतं? मी काय म्हणाले असं सांगितलं?"

त्यानं शब्द जुळवत, मध्ये तमिळ, मध्ये इंग्रजी घालत सांगितलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर तो तुझ्या मागे लागला होता. तू म्हणालीस, सुनंदाला विचारते. मग म्हणालीस, सुनंदा म्हणते तिच्या माहेरी एकाला असंच होतं, गोळ्यांवर वर्षानुवर्षं बरा आहे, घाई नको. नंतर म्हणालीस, सुनंदा म्हणते उन्हाळा जाऊ दे. मग म्हणालीस, सुनंदा म्हणते आंबे संपू देत.

"मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं. "तिनं मला सांगितलं, तू म्हणतोस काळजी नको. वयाचं आहे म्हणून. हॉस्पिटलमध्ये मी येस म्हणाले, ते तुझी वाट बघायला थांब म्हणाले होते, त्याबद्दल. ऑपरेशन हा शब्द मी निरंजनाकडून तेराव्याला ऐकला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, विश्वास ठेवणार नाही. मी तरी का ठेवला असता?

मग तो मटकन खाली बसला, तुझ्या बाल्कनीच्या उंबऱ्यावर. थोड्या वेळानं विचारलं, "तुम्हांस बरें नसतें म्हणून ती आमचेकडे राहायला येईना, तेंही खोटें?"

"मला? मला काय धाड भरली आहे?"

"ती म्हणाली, सुनंदाचे गुडघे... नो, डिप्रेशन... तिला एकटी टाकून येतां येत नाही."

"मला म्हणाली, तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीला काच आहे, ऊन येत नाही, बरण्या ठेवता येत नाहीत."

"आमचे इथें दोन बाल्कनी आहेत, आंटी. फुल ऊन."

मग मीच विचारलं, "आणि माझं लिंबाचं लोणचं? दर वर्षी पाठवते ते? तुला आवडतं म्हणून मागतोस ते?"

"कुठलें लोणचें?" रघु म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तुला मीठ कमी करायचं होतं, अंबुजा. त्या बरण्याच्या बरण्या तूच संपवल्यास. रघुच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मला कळेना हा हसतो की रडतो, आणि मग माझंही तसंच झालं. आम्ही तुझ्या रिकाम्या घरात, खोक्यांच्या मध्ये बसून हसत होतो, डोळे पुसत होतो, आणि एक एक थाप बाहेर काढत होतो. तू म्हणे त्याला सांगायचीस, सुनंदा रोज विचारते रघुचा फोन आला का. म्हणून तो रोज फोन करायचा. मला सांगायचीस, रघु म्हणतो सुनंदा आंटी आहे म्हणून मी निर्धास्त आहे. म्हणून मी रोज वर यायचे. दोघांपैकी कुणीही तसं म्हणालं नव्हतं. पण ती थाप आम्हाला खोटी म्हणवेना. तो खरंच निर्धास्त होता. मी खरंच वाट बघायचे.

मग हसू ओसरलं. तो उठला, नळाखाली तोंड धुतलं. रूमालानं पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिनें तुम्हांस खरें सांगितलें असतें तर तुम्ही काय सांगितलें असतें?"

"ऑपरेशन कर म्हटलं असतं. ऐकली नसती तर ओढत नेलं असतं."

"मीही," तो म्हणाला.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. रघु बरण्या उचलायला वाकला आणि अर्ध्यातच थांबून म्हणाला, "ती आपणां दोघांस भीत होती. नाही?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण तो थांबला नाही, बरणी पोटाशी धरून जिना उतरायला लागला, सावकाश, एकेक पायरी, आणि मी दुसरी बरणी घेऊन त्याच्या मागे.

तेव्हापासून मी तेच घोकते आहे. तुला ऑपरेशनची भीती होती हे मला कळतं. रावांना आत नेताना तू त्यांची घड्याळ-अंगठी मुठीत धरून बाहेर बसलेली होतीस, मी तुझ्या शेजारी होते. पण आमची भीती? रघुची, माझी? मी बसून नीट विचार केला. म्हणजे बसून नाही, फेऱ्या मारत. तू खरं सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? आरडाओरडा केला असता. रडले असते. ह्यांना वर पाठवलं असतं समजवायला. तुझ्या बरण्या फोडेन अशी धमकी दिली असती. रघु एका हाताला आणि मी दुसऱ्या, असं आम्ही तुला उचलून नेलं असतं. तू आली असतीस. आमच्यासाठी आली असतीस, हे तुला माहीत होतं. आणि कदाचित वाचलीही असतीस. कदाचित नसतीस. ते कुणाला विचारू?

म्हणजे गेलं वर्षभर तू मला जे दिलंस ते खोटं बोलून दिलंस. सकाळचं आल्याचं पाणी. आंब्याची सालं चिरताना चाललेल्या गप्पा. तुझ्या बाल्कनीतली ती दुपारची झोप, आपण दोघी चटईवर, पंखा वर करकरत. पेरुंगुडीला गेली असतीस तर यातलं काहीच मला मिळालं नसतं. ऑपरेशनला गेली असतीस तर तेही कोण जाणे. मी यासाठी तुझे आभार मानू की तुझ्याशी बोलणं टाकू, मला ठरवता येत नाही. एकदा एक वाटतं, भाजी चिरून होईपर्यंत दुसरं वाटतं.

काल रघुचा फोन आला. इंग्रजीत सुरू केलं आणि मध्येच मराठीवर आला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला. काही कामासाठी नाही, असाच. मी ये म्हटलं. आमच्यात आता सांगणारं कुणी नाही, त्यामुळे फोनवर बराच वेळ दोघंही गप्प होतो. पण ठेवला नाही कुणीच.

तू घाबरलीस त्यात तुझी चूक नव्हती, अंबुजा. माणूस घाबरतं. लपलीस तेही समजू शकते. माझं नाव घेतलंस, तेही जाऊ दे, माझ्या नावाचा तुला एवढा उपयोग होता तर घे. एवढंच मला सोसत नाही, की आपण जन्मभर मिरजेवरून भांडलो, बरणीतल्या चमच्यावरून भांडलो, पाणीवाल्यावरून भांडलो, आणि जे भांडण भांडायला हवं होतं तेवढं तू होऊच दिलं नाहीस. मी हरले असते तरी चाललं असतं. मला भांडू तरी द्यायचं होतंस.